घटस्फोटानंतर खावटीच्या रकमेत बदल कसा मागावा: सातारा-सांगलीतील नवख्या पक्षकारांसाठी

घटस्फोटाचा हुकूमनामा हाती आला की खावटीचा आकडा आता कायमचा ठरला, असे समजून पुष्कळ लोक पुढची आठ-दहा वर्षे तोच आकडा घेत किंवा देत राहतात. मुलगी अंगणवाडीत असताना ठरलेले महिना दोन हजार रुपये, ती अकरावीला विज्ञान शाखेत गेली तरी तेवढेच येत राहतात. दुसरीकडे, कंपनीतली नोकरी सुटलेला माणूस जुन्या पगारावर ठरलेली रक्कम झेपेना म्हणून कोणाला काही न सांगता भरणे थांबवतो आणि काही महिन्यांनी त्याच्या नावाने वॉरंट निघते. या दोघांनाही कायद्याने वाट दिलेली आहे आणि ती एकच आहे: परिस्थिती बदलली हे न्यायालयाला कागदानिशी दाखवून रकमेत बदल मागणे. मी गेली काही वर्षे अशा अर्जांचे कागद जुळवून देण्याचे काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे नुकसान कायदा प्रतिकूल असल्यामुळे झालेले नसते, तर त्यांनी वेळ घालवल्यामुळे किंवा तोंडी बोलण्यावर विसंबल्यामुळे झालेले असते.

शब्दांबद्दल आधी थोडेसे. आपण घरात पोटगी म्हणतो आणि न्यायालयाच्या कागदात अनेकदा खावटी असते. अर्थ एकच आहे. मात्र पत्नीची खावटी आणि मुलांची खावटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सुरुवातीलाच लक्षात घ्यावे, कारण पुढे एक बंद झाली तरी दुसरी चालू राहू शकते.

पहिली पायरी: आपला आदेश कोणत्या कलमाखाली झाला ते पाहणे

ज्या न्यायालयाने आदेश दिला तेथील नक्कल विभागात अर्ज करून आदेशाची प्रमाणित प्रत घ्यावी. जुनी झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो पुरत नाही. खटल्याचा क्रमांक हरवला असेल, तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. तेथे मिळणारा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक वहीत लिहून ठेवावा, कारण पुढची प्रत्येक तारीख त्यावरच पाहता येते.

आदेशाच्या मथळ्यावर आणि शेवटच्या परिच्छेदात कायद्याचे कलम लिहिलेले असते. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २५ खाली कायमस्वरूपी पोटगी ठरली असेल, तर त्याच कलमाच्या पोटकलम २ नुसार परिस्थिती बदलल्यावर ती वाढवणे, कमी करणे किंवा रद्द करणे मागता येते. मुलांचा ताबा, पोषण आणि शिक्षण यांसाठी त्याच कायद्याचे कलम २६ आहे आणि त्याखाली न्यायालय घटस्फोटानंतरही वेळोवेळी नवे आदेश देऊ शकते. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ खालील रकमेसाठी कलम २५, विशेष विवाह कायद्याखालील आदेशासाठी कलम ३७ आणि ३८, तर कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या २००५ च्या कायद्याखालील आदेशासाठी कलम २५ चे पोटकलम २ पाहावे.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो पत्नी व मुलांच्या खावटीसाठी असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ बाबत. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि १२५ चे १४४ झाले. रकमेत बदल मागण्याचे जुने कलम १२७ आता १४६ आहे आणि अंमलबजावणीचे १२८ आता १४७ आहे. कलमांचे आकडे बदलले म्हणून जुना आदेश रद्द झालेला नाही. “कायदाच बदलला, आता काही द्यायचे नाही” असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. हे कलम धर्म पाहत नाही. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही कलम १२५ खाली दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ च्या निकालात पुन्हा स्पष्ट केले आहे.

कलम कळले की जागा कळते. बदलाचा अर्ज सर्वसाधारणपणे ज्या न्यायालयाचा आदेश आहे तेथेच करायचा असतो. कलम १२५ चा आदेश वडूजच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा असेल तर अर्ज तेथे; घटस्फोटाचा हुकूमनामा कराडच्या वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयाचा असेल आणि खावटी त्यातच ठरली असेल तर अर्ज कराडला. एकाच वेळी दोन कायद्यांखाली दोन आदेश असतील तर दोन्ही उघड सांगावे लागतात आणि न्यायालय एका रकमेची दुसरीत वजावट करते. पहिला आदेश दडवून दुसरा मिळवला, तर पुढे अर्जदाराच्या प्रत्येक शब्दाकडे संशयाने पाहिले जाते.

दुसरी पायरी: परिस्थिती खरोखर बदलली आहे का, ते स्वतःला विचारणे

“तेव्हाच रक्कम कमी ठरली होती” हे बदलाच्या अर्जाचे कारण होत नाही. तो मूळ आदेशाविरुद्धचा आक्षेप झाला आणि त्यासाठी वरच्या न्यायालयात अपील किंवा पुनरीक्षण (रिव्हिजन) असते. बदलाच्या अर्जात आदेशाच्या दिवशीची स्थिती आणि आजची स्थिती यांत काय फरक पडला, तेवढेच सांगायचे असते. महागाई, मुलांचे वाढलेले शिक्षण, आजारपण, समोरच्याची बढती किंवा वाढलेले उत्पन्न ही वाढ मागण्याची नेहमीची कारणे आहेत. नोकरी जाणे, अपघात, निवृत्ती, पत्नीला स्वतःची पुरेशी कमाई सुरू होणे ही कमी करण्याची कारणे आहेत. खावटी चुकवण्यासाठी स्वतःहून दिलेला राजीनामा मात्र चालत नाही; धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही कुटुंब पोसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले आहे.

पत्नी नोकरी करते एवढ्यावरून तिची खावटी आपोआप बंद होत नाही. तिच्या कमाईत, लग्नाच्या घरी जसे राहणीमान होते त्याच्या जवळपास तिला राहता येते का, हे पाहिले जाते. शिवणकाम करून महिना चार हजार मिळवणारी बाई स्वतःला पोसते आहे, असे म्हणणे कायद्याला मान्य नाही.

किती टक्के मिळतात, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. कायद्यात टक्केवारी कोठेही नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात पतीच्या निव्वळ पगाराच्या पंचवीस टक्के रक्कम न्याय्य असल्याचे म्हटले, तेव्हापासून तो आकडा सगळीकडे सांगितला जातो. पण ते प्रकरण मुळात बदलाच्या अर्जाचेच होते आणि ते पूर्ण वाचण्यासारखे आहे. खावटी महिना १६,००० होती, उच्च न्यायालयाने ती पतीच्या वाढलेल्या पगारामुळे २३,००० केली आणि सर्वोच्च न्यायालयाने, पतीने दुसरे लग्न केले आहे व त्याला त्या संसारातही मूल आहे हे ध्यानात घेऊन, ती २०,००० वर आणली. म्हणजे वाढही मान्य झाली आणि नवी जबाबदारीही मोजली गेली. टक्केवारीपेक्षा हा हिशेब शिकण्यासारखा आहे.

तिसरी पायरी: कागद जमवणे

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. पगारदाराच्या बाबतीत काम सोपे असते: पगारपत्रक, फॉर्म १६, आयकर विवरणपत्र आणि बँकेचे खातेउतारे. शिरवळ किंवा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कायम कामगाराचा, शिक्षकाचा किंवा लष्करातील जवानाचा पगार लपत नाही. पगारातून होणाऱ्या कपातींपैकी आयकर आणि भविष्य निर्वाह निधी यांसारख्या सक्तीच्या कपाती न्यायालय सहसा वजा धरते. स्वतःहून काढलेल्या गाडीच्या कर्जाचा हप्ता पुढे करून खावटी कमी होत नाही. नवी मुंबईच्या बाजार समितीत काम करणारे पाटण-जावळीकडचे माथाडी कामगार रोख कमावतात, असा समज आहे, पण नोंदीत कामगाराची मजुरी माथाडी मंडळामार्फत जाते आणि तेथे तिची नोंद असते.

शेतकऱ्याचे उत्पन्न दाखवणे अवघड असते, कारण ते महिन्याला येत नाही आणि पुष्कळदा त्याच्या नावावरही येत नाही. सातबारा आणि आठ-अ उतारे सासऱ्यांच्या नावे असतात, म्हणून उसाचे बिल सासऱ्यांच्या खात्यात जमा होते आणि पती न्यायालयात “मला उत्पन्न नाही” असे शपथेवर सांगतो. अशा वेळी वडिलोपार्जित जमिनीतला त्याचा हिस्सा, घरातले कष्ट करणारे हात किती, कारखान्याला किती टन ऊस गेला, हे सगळे मिळून चित्र उभे करावे लागते. कारखान्याची ऊस बिले व वजनाच्या पावत्या, सोसायटीच्या पीककर्जाची नोंद, डेअरीचे दहा-दहा दिवसांचे दूध बिल, हळदीची किंवा बेदाण्याची अडत्याने दिलेली पट्टी हे उत्पन्नाचे पुरावेच आहेत. पीककर्ज किती मिळाले त्यावरून किती क्षेत्रावर कोणते पीक होते, ते कळते. हे कागद स्वतः मिळवता येत नसतील, तर ते कारखाना, बँक किंवा संस्था यांच्याकडून मागवून घ्यावेत, असा अर्ज न्यायालयातच करता येतो. कोणाच्या कपाटातून कागद काढण्याची गरज नाही.

आणखी एक कागद मी प्रत्येकाला काढायला लावते, तो म्हणजे फेरफार उतारा. खावटीचा अर्ज दाखल झाल्यानंतर तीन महिन्यांत पतीने भावाच्या नावे हक्कसोड किंवा बक्षीसपत्र केले असेल, तर फेरफाराच्या तारखेवरून ते दिसते आणि त्यामागचा हेतू न्यायालयाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

खानापूर, आटपाडी, तासगाव आणि माण-खटाव भागातील हजारो घरांतील पुरुष गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायासाठी दूरच्या राज्यांत राहतात. त्यांच्या दुकानाचा पत्ता, जीएसटी नोंदणी, दुकानाचा भाडेकरार, गावाकडे बांधलेल्या घराची ग्रामपंचायतीतील नोंद आणि घरी पाठवलेल्या पैशांचे खातेउतारे उपयोगी पडतात. पत्ता अचूक असणे येथे फार महत्त्वाचे आहे, कारण नोटीस बजावली न गेल्यामुळे अशी प्रकरणे महिनोन्महिने रेंगाळतात.

खर्चाचेही कागद लागतात. शाळेची व शिकवणीची फी, बस, गणवेश, औषधे, घरभाडे यांच्या पावत्या आदेशाच्या वर्षाच्या आणि चालू वर्षाच्या अशा दोन पाकिटांत ठेवाव्यात. दोन्ही वर्षांतला फरक हाच अर्जाचा कणा असतो. समजा २०१९ मध्ये आई आणि मुलगी मिळून आठ हजारांचा आदेश झाला, त्यात मुलीचे तीन हजार होते आणि आज केवळ तिची शिकवणी व बसचा पास यांवरच महिना पाच हजार जातात. ही तीन वाक्ये पावत्यांसह मांडली, तर पानभर तक्रारींपेक्षा त्यांचा उपयोग जास्त होतो.

चौथी पायरी: मालमत्ता व दायित्वांचे शपथपत्र

४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात, जे आपल्याच राज्यातून, नागपूरहून गेले होते, खावटीच्या सर्व प्रकरणांत दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र देणे बंधनकारक केले. त्याचे नमुने निकालालाच जोडलेले आहेत आणि शेतीवर अवलंबून असलेल्यांसाठी वेगळा नमुना आहे. आपल्या भागातील अनेक जण शेतकरी असूनही नोकरदारांचा नमुना भरतात, मग अर्धे रकाने “लागू नाही” म्हणून जातात आणि जमीन, पिके, जनावरे यांची माहिती राहून जाते. शेतीचा नमुना मागून घ्यावा. समोरच्याने उत्तरादाखल आपले शपथपत्र चार आठवड्यांच्या आत द्यायचे असते. खोटी माहिती दिल्यास न्यायालय फौजदारी कारवाई सुरू करू शकते, म्हणून आपला प्रत्येक आकडा खात्रीचा असावा. मुदत ठेव असो वा नावावरची स्कूटर, लिहून टाकावी.

पाचवी पायरी: अर्ज दाखल करणे आणि त्यानंतर

अर्ज साधा असावा: मूळ आदेशाची तारीख व रक्कम, तेव्हाची स्थिती, आजची स्थिती, मागणीचा आकडा आणि त्या आकड्याचा हिशेब. पत्नीसाठी किती आणि प्रत्येक मुलासाठी किती, हे वेगवेगळे लिहावे. वाढ कोणत्या तारखेपासून हवी ते स्पष्ट मागावे. खावटी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे रजनेश निकालात म्हटले आहे आणि बदलाच्या अर्जातही तीच मागणी करावी. म्हणूनच अर्ज लांबवला तर गेलेल्या महिन्यांचा फरक सहसा हातचा जातो. दर दोन वर्षांनी ठरावीक वाढ आदेशातच असावी, अशीही मागणी करता येते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात महिना ५०,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ असा आदेश दिला आहे. अशी वाढ आदेशात आली, तर पुन्हापुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही.

स्त्रिया व मुलांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. साताऱ्याला आणि सांगलीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती आहे, आणि १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. मोफत मिळालेला वकील म्हणजे कमी प्रतीचा वकील, ही भीती मनातून काढून टाकावी.

अर्ज दाखल झाला की समोरच्याला नोटीस जाते, तो वकिलामार्फत आपले म्हणणे दाखल करतो, बहुतेक वेळा प्रकरण एकदा मध्यस्थीकडे जाते, आणि तेथे न मिटल्यास पुरावा व उलटतपास होतो. मध्यस्थीत रक्कम ठरली, तर ती तडजोड पुरसीस (दोघांच्या सह्यांचे लेखी निवेदन) करून नोंदवून घ्यावी आणि न्यायालयाचा त्यावर आदेश घ्यावा. गावातल्या चार वडीलधाऱ्यांसमोर ठरलेली रक्कम कितीही चांगल्या मनाने ठरलेली असली, तरी तिची वसुली करता येत नाही.

आदेश बदलेपर्यंत काय करावे

जुना आदेश बदलेपर्यंत तोच लागू राहतो. देणाऱ्याने अर्ज केला म्हणून रक्कम भरणे थांबवू नये. झेपेल तेवढी तरी बँक खात्यात भरावी आणि कोणत्या महिन्याची ते नमूद करावे. यात्रेत मुलाच्या हातात दिलेले पैसे, पत्नीच्या वडिलांकडे ठेवलेली रोकड खावटीत धरली जाईलच असे नाही. मुलाला भेटू दिले जात नाही म्हणून खावटी थांबवणे, किंवा खावटी येत नाही म्हणून भेट नाकारणे, हे दोन्ही चुकीचे आहे. भेटीचा प्रश्न वेगळ्या अर्जाचा आहे आणि मुलाचे जेवण त्यासाठी थांबत नाही.

घेणाऱ्या व्यक्तीने एक मुदत पाठ करून ठेवावी. कलम १२५ किंवा १४४ च्या आदेशातील थकलेली रक्कम वसूल करण्याचा अर्ज ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. “आज देतो, उद्या देतो” ऐकत तीन वर्षे गेली, तर जुन्या महिन्यांचे वॉरंट काढता येत नाही. वेळेत अर्ज केला तर प्रत्येक थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे. पती ज्या गावी असेल तेथील दंडाधिकाऱ्यांकडूनही अंमलबजावणी करून घेता येते, म्हणून विट्याचा आदेश तमिळनाडूतल्या गलाई दुकानदारालाही चुकत नाही. दिवाणी हुकूमनाम्याची वसुली दरखास्तीने, म्हणजे अंमलबजावणीच्या अर्जाने, होते आणि तेथे मुदत बारा वर्षांची आहे. साध्या कर्जाच्या वसुलीत पगाराचे पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित असतो. खावटीच्या हुकूमनाम्यात पगाराचा फक्त एक-तृतीयांश भाग सुरक्षित राहतो.

पुनर्विवाह आणि मुलांचे वय

घटस्फोटित पत्नीने पुन्हा लग्न केले, तर कलम १४६ नुसार तिची खावटी लग्नाच्या तारखेपासून रद्द होऊ शकते. हिंदू विवाह कायद्याखालील आदेशात समोरच्याने तसा अर्ज करावा लागतो. मुलांची खावटी आईच्या लग्नाने संपत नाही. परस्पर संमतीच्या घटस्फोटात एकरकमी रक्कम घेऊन पुढचे हक्क सोडल्याचे लिहिलेले असेल, तर पत्नीला स्वतःसाठी पुन्हा मागणे बरेच कठीण जाते. पण मुलाचा पोषणाचा हक्क आईने लिहून दिल्यामुळे जात नाही, आणि त्याच्यासाठी अर्ज करता येतो. आई कमावती असेल तर मुलांचा खर्च दोघांनी आपापल्या उत्पन्नाच्या प्रमाणात उचलावा, असा न्यायालयांचा कल आहे. मूल वडिलांकडे राहायला गेले असेल, तर वडिलांनी ताबडतोब बदलाचा अर्ज करावा, कारण कागदावर आईला द्यायची रक्कम चालूच असते.

मुलगी सज्ञान झाली तरी अविवाहित असून स्वतःचे पोषण करू शकत नसेल, तर हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० खाली वडिलांकडून पोषण मागू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केले आहे, आणि त्यासाठी वेगळा दावा करावा लागतो. मुलाच्या बाबतीत अठरा वर्षांनंतर, शारीरिक वा मानसिक असमर्थता नसेल, तर हक्काने मागण्यासारखे फारसे उरत नाही. अभियांत्रिकीची फी तर अठराव्या वर्षानंतरच सुरू होते. म्हणून तडजोड करतानाच “पदवी पूर्ण होईपर्यंत शिक्षणाचा खर्च” हे शब्द घालून घ्यावेत आणि शक्य असल्यास फी थेट महाविद्यालयाच्या खात्यात भरण्याची अट ठेवावी.

निकाल मान्य नसेल तर

दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर सत्र न्यायालयात पुनरीक्षण करता येते. पुढे उच्च न्यायालयात जायचे झाल्यास आता मुंबई गाठावी लागत नाही. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेल्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहेत. वरच्या न्यायालयाने स्पष्ट स्थगिती दिलेली नसेल, तर खालच्या न्यायालयाने ठरवलेली रक्कम अपील चालू असतानाही दर महिन्याला द्यावीच लागते. नव्या आदेशाची प्रमाणित प्रत मिळाली की देणारा नोकरीत असल्यास एक प्रत त्याच्या आस्थापनेकडे पोहोच घेऊन द्यावी, आणि पहिल्या चुकलेल्या हप्त्याची तारीख त्याच दिवशी वहीत टिपून ठेवावी, कारण वर्षाची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.